राष्ट्राध्यक्षाचं चारित्र्य आणि अमेरिकेतले धार्मिक मतदार : कोणाला फरक पडतो?

मुळामुठा

जून १९९८. सॉल्ट लेक सिटीत सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या प्रोटेस्टंट पंथाचं अधिवेशन. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि व्हाइट हाउसमधली तरुण इंटर्न लेविन्स्की यांच्या संबंधांचं प्रकरण तेव्हा पाच महिने गाजत होतं आणि क्लिंटन तर याच पंथातला. अधिवेशनात ठराव झाला : नेत्यांची गंभीर पापं खपवून घेतली की समाजाची सदसद्विवेकबुद्धी बोथट होते, म्हणून पदावर बसणाऱ्याचं चारित्र्य बघा. ठरावाचा रोख कोणाकडे होता ते सांगायची गरज नव्हती.

आता ७ ऑक्टोबर २०१६. ट्रम्पची २००५ सालची ती टेप बाहेर येते. बायकांना कुठे आणि कसं धरतो याची बढाई. महिनाभरात मतदान होतं आणि एक्झिट पोलनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबल शब्दशः मानणारे, कट्टर प्रोटेस्टंट) मतदारांपैकी जवळजवळ ८० टक्के त्याच्या पारड्यात. धार्मिक म्हणून मिरवणाऱ्या धाकट्या बुशला २००४ मध्ये ७८ टक्के मिळाले होते.

पीआरआरआय या धर्मविषयक पाहण्या करणाऱ्या संस्थेने एकच प्रश्न दोनदा विचारला : खाजगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूस सार्वजनिक पदावर नीट वागू शकतो का? २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले, २०१६ मध्ये ७२. कॅथलिकही सरकले, ४२ वरून ५८. कुठलाच धर्म न मानणारे ६३ वरून ६०, म्हणजे होते तिथेच. ज्यांना आपण नीतीचे ठेकेदार समजत होतो त्यांनीच सगळ्यात मोठी कोलांटउडी मारली.

मला वाटतं, वर्तन बघून मत ठरत नाही. मत आधी ठरतं, मग वर्तनाकडे काणाडोळा करायचा की डोळे वटारायचे ते ठरतं. बोला.

तात्या_ऑस्टिनकर

ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी टेक्सासात राहतो, आजूबाजूला सगळे बॅप्टिस्ट. आमची शेजारीण रविवार चुकवत नाही, ट्रम्पची भाषा ऐकून तोंड वाकडं करते आणि मत त्यालाच देते. तिचं म्हणणं, ‘मी जावई निवडत नाहीये, वकील नेमतेय.’

तो वकील तिला मिळाला की नाही? फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया वारले, जागा रिकामी. मे महिन्यात ट्रम्पने संभाव्य न्यायमूर्तींची ११ नावांची यादीच जाहीर केली. निवडणुकीआधी अशी यादी देणं नवीनच होतं. पुढे गोर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट असे तीन नेमले आणि जून २०२२ मध्ये रो विरुद्ध वेड, म्हणजे गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा निकाल, रद्द. जवळपास ५० वर्षं ज्यासाठी ही माणसं झगडत होती ते झालं. व्यवहार चोख झाला, त्यात ढोंग कुठे?

आणि हे ट्रम्पपासून सुरू झालेलं नाही. जिमी कार्टर चर्चमध्ये बायबलचे वर्ग घेणारा माणूस. १९८० मध्ये फॉलवेल या पाद्र्याच्या मॉरल मेजॉरिटी या संघटनेने त्याला सोडून रेगनची पालखी उचलली. घटस्फोट झालेला, हॉलिवूडमधला रेगन.

मुळामुठा

तात्या, व्यवहार म्हणा की. पण मग व्यवहारच होता तर १९९८ चा ठराव कशाला? तेव्हा चारित्र्याच्या नावाने शंख केला, तो तरी खरा होता का?

खडूफळा

युटाला तुम्ही दोघंही विसरलात, आणि या विषयातला सगळ्यात बोलका आकडा तिथला आहे.

युटा म्हणजे मॉर्मनांचं (एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतच निघालेला ख्रिस्ती पंथ) राज्य, रिपब्लिकन पक्षाचं हक्काचं घर. २०१२ मध्ये पक्षाचा उमेदवार रॉम्नीला, तोही मॉर्मन, तिथे ७३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. २०१६ मध्ये ट्रम्पला ४५. टेप आल्यावर चर्चच्याच मालकीच्या डेझरेट न्यूजने संपादकीय लिहून त्याला शर्यतीतून बाहेर पडायला सांगितलं. हा पेपर कित्येक दशकं कोणाला पाठिंबा किंवा विरोध देत नव्हता. सीआयएमध्ये काम केलेला एव्हन मॅकमलिन नावाचा मॉर्मन गृहस्थ अपक्ष उभा राहिला आणि २१ टक्के घेऊन गेला. देशात त्याला कुत्रं विचारत नव्हतं!

म्हणजे वर्तनाचा फरक पडतो. पण मत टाकायला तिसरी जागा असेल तर पडतो. अलाबामाच्या बॅप्टिस्टाला ट्रम्प नाही तर हिलरी, एवढंच होतं. मॉर्मनाला घरचाच माणूस मिळाला.

शेवटची_लोकल

खडूफळा, अर्धीच गोष्ट सांगताय. एकतर ते नुसतं चारित्र्य नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रम्प म्हणाला, मुसलमानांना देशात येऊ देऊ नका. दुसऱ्याच दिवशी मॉर्मन चर्चने धर्मस्वातंत्र्यावर निवेदन काढलं. का काढणार नाहीत? १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने लेखी हुकूम काढून यांनाच राज्यातून हुसकावलं होतं. आज मुसलमान, उद्या आपण, ही भीती.

आणि २०२० मध्ये काय झालं? माणूस तोच, तोंड तेच, तरी युटात ५८ टक्के. तोवर न्यायमूर्ती नेमून झाले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये रॉम्नीने महाभियोगात आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत दिलं, देवासमोर घेतलेल्या शपथेचा हवाला देऊन. पक्षातून तसं करणारा तो एकटा सिनेटर. मे २०२१ मध्ये युटाच्या पक्ष अधिवेशनात तो बोलायला उभा राहिला तर लोकांनी हुर्यो उडवली. निषेधाचा ठराव ७११ विरुद्ध ७९८ असा जेमतेम पडला. नीतिमान माणसाला त्याच्याच धर्मबांधवांनी दिलेली ही पावती. मुळामुठा बरोबर आहेत.

रविवारची_झोप

सगळे ख्रिस्ती उजव्यांनाच झोडताय म्हणून एक काडी टाकते. क्लिंटनच्या बाजूचे काय सोवळ्यातले होते? डिसेंबर १९९८ मध्ये प्रतिनिधीगृहात महाभियोग मंजूर झाला आणि गॅलपच्या पाहणीत त्याची लोकप्रियता ७३ टक्क्यांवर गेली. त्याआधीच्या नोव्हेंबरात त्याच्या पक्षाने उलट ५ जागा जास्त मिळवल्या. कृष्णवर्णीय चर्चचा पाठिंबा कधी हललाच नाही. कृष्णवर्णीय पाद्री आणि नेते जेसी जॅक्सन तर क्लिंटन कुटुंबासोबत प्रार्थना करायला गेले होते. पाप्याला क्षमा ही त्यांची शिकवण, मान्य. पण विरोधी पक्षातल्या पाप्याला तीच शिकवण कोणी लावली?

मात्र फरक पडत नाही हेही मला पटत नाही. पडतो, फक्त उशिरा आणि भलत्याच्याच डोक्यावर. २००० मध्ये अल गोर उभा राहिला. अर्थव्यवस्था जोरात, देश शांत, आठ वर्षं क्लिंटनचा उपाध्यक्ष राहिलेला. तरी प्रचारात क्लिंटनला चार हात लांब ठेवलं आणि उपाध्यक्षपदासाठी सोबतीला घेतला जो लीबरमन, सब्बाथ (शनिवारचा धार्मिक विश्रांतीचा दिवस) पाळणारा ऑर्थोडॉक्स ज्यू, ज्याने १९९८ मध्ये सिनेटमध्ये उभं राहून क्लिंटनची कानउघाडणी केली होती. बुश सभांमधून व्हाइट हाउसची प्रतिष्ठा परत आणायची शपथ घेत फिरला. एक्झिट पोलमध्ये ज्यांनी प्रामाणिकपणा हा सगळ्यात महत्त्वाचा गुण सांगितला त्यांच्यातले ८० टक्के बुशकडे गेले. फ्लोरिडात ५३७ मतांनी निकाल लागला. खाल्लं कोणी आणि निस्तरलं कोणी!

तात्या_ऑस्टिनकर

झोपबाई, गोरचा मुद्दा बिनतोड. पण मग ट्रम्पच्या डागांचं बिल रिपब्लिकनांमध्ये कोणाच्या नावे फाटणार?

खडूफळा

बिल दुसरीकडे फाटतंय, तात्या. प्यू या पाहण्या करणाऱ्या संस्थेने २०१६ ते २०२० त्याच त्याच लोकांना विचारलं. आधी स्वतःला इव्हँजेलिकल न म्हणवणाऱ्या गोऱ्या ट्रम्पसमर्थकांपैकी १६ टक्के २०२० पर्यंत म्हणवायला लागले. ट्रम्प न आवडणाऱ्यांत हे जवळजवळ शून्य. म्हणजे पाट्या बदलताहेत. चर्चची पायरी न चढणाराही आता इव्हँजेलिकल आणि रसेल मूरसारखा ट्रम्पविरुद्ध उघड बोलणारा धर्मनेता सदर्न बॅप्टिस्टांमधून बाहेर. ८० टक्के तेच दिसतात, पण आतली माणसं तीच आहेत असं समजू नका.

एडिसनकर

जरा घरचंही बघू. टेप आल्यावर आठवड्याभरात, १५ ऑक्टोबर २०१६ ला, ट्रम्प न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये रिपब्लिकन हिंदू कोएलिशनच्या कार्यक्रमाला आला होता. बॉलिवूडची नाचगाणी, दिवा लावला, हिंदूंचा आपण मोठा चाहता म्हणाला. मंडळाच्या ग्रुपवर कोणी टेपचा विषय काढला तर ‘कृपया राजकारण नको’, आणि दिव्याचे फोटो मात्र मनसोक्त फिरले.

तरी बहुतेक भारतीयांची मतं डेमोक्रॅट्सकडेच गेली, हेही खरं. कार्नेगी या संशोधन संस्थेच्या पाहणीत २०२० मध्ये ट्रम्पकडे कल असलेले भारतीय मूळचे मतदार २२ टक्के होते, २०२४ मध्ये ३० च्या पुढे. या दोन्हींच्या मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने त्याला ३४ आरोपांत दोषी ठरवलं होतं. आता यातल्या किती जणांनी चारित्र्याचा विचार केला आणि किती जणांनी ग्रीन कार्डाच्या रांगेचा, ते तुम्हीच सांगा.

तात्या_ऑस्टिनकर

कराचा राहिला की, एडिसनकर! न्यू जर्सीत राहून विसरलात?