पहिल्या ओळीत सगळं सांगून टाकायचं की झाकून ठेवायचं?

अर्धविराम: सायकलदुरुस्तीवर अधूनमधून लिहितो. परवा एका मित्राने माझी पोस्ट 'सुधारून' दिली. माझी सुरुवात अशी होती: "गिअर बदलताना चेन मागच्या मोठ्या चकतीवरून स्पोकमध्ये पडत असेल तर डिरेलरचा 'एल' खुणेचा स्क्रू तपासा." (डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, आणि तो स्पोककडे किती सरकेल ते हा स्क्रू ठरवतो.) त्याने केलं: "चेन पडतेय? थांबा! ९० टक्के लोक इथेच चुकतात..." आणि स्क्रू गेला सातव्या ओळीत. हे ९० टक्के आले कुठून विचारलं, तर म्हणे आकडा दिसला की लोक थांबतात.

मला हे पटत नाही. कामाची गोष्ट आधी सांगावी. ज्याला तेवढंच हवंय तो स्क्रू फिरवून निघून जाईल, जाऊ दे की!

खटपट्या: ९० टक्क्यांची थाप सोडून दे, पण मित्र चुकला नाही. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फीडमध्ये दिसतात सुरुवातीच्या एकदोन ओळी. बाकीचं 'आणखी' दाबल्यावर. ते कुणी का दाबावं? तुझी ओळ म्हणजे माहितीपत्रक आहे. एल स्क्रू म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, त्याला तुझी पोस्ट लागतच नाही. ज्याला लागते तो 'डिरेलर' शब्दालाच पळतो.

शाईचा डाग: खटपट्या, उत्सुकता वाढवणं आणि माहिती ओलीस धरणं यात फरक आहे. "इथेच चुकतात" वाचून मी आत जातो आणि सात ओळींनी एक स्क्रू हातात पडतो. पुढच्या वेळी त्याच माणसाची पोस्ट दिसली की मी अंगठा थांबवत नाही. शिवाय या युक्त्यांचं आयुष्य किती? 'लाइक करा, मित्राला टॅग करा' छाप पोस्ट मागे ढकलायला फेसबुकने २०१७च्या डिसेंबरात सुरुवात केली. त्याच काळात तिथे कुठली पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं, नंतर ते कमी करत शून्यावर आणलं. म्हणजे आज लोकांना चिडवून लिहायला शिका आणि उद्या सगळं विसरा.

खटपट्या: चिडवा कोण म्हणतंय? आणि माध्यमाप्रमाणे वाकणं नवीन आहे का? ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा एसएमएसच्या १६० वरून आली, २० वापरकर्त्याच्या नावासाठी राखून. त्या चौकटीत बसवता बसवता लोक नेमकं लिहायला शिकले. २०१७ साली २८० झाली, तेव्हा हळहळणारेही होते (मी त्यातला).

नटबोल्ट: तुमची साहित्यचर्चा चालू द्या, पण मूळ ओळच अर्धवट आहे. सायकल उजव्या अंगावर आपटली असेल तर डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकलेला असू शकतो. मग स्क्रू कितीही फिरवा, गिअर नीट बसणार नाहीत. पहिली ओळ वाचून 'निघून जाणारा' हाच माणूस उद्या स्पोक तोडून घेईल. आणि स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा? घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा. हेही तुझ्या ओळीत नाही.

खटपट्या: घ्या! मी काय सांगत होतो? वाचक पुढे यायला हवा, तो त्याच्याच भल्यासाठी.

शाईचा डाग: पुढे यायला हवा हे मान्य. पण त्याला थाप मारून का आणायचं? "सायकल नुकतीच पडली होती का?" एवढा प्रश्न पुरे आहे. ज्याची पडली होती तो थांबतो, कारण प्रश्न त्याचाच आहे. लिहिणाऱ्याला हे कसं कळलं, असंही वाटतं त्याला.

अर्धविराम: हँगरचं लक्षातच आलं नव्हतं, नटबोल्ट. माझी सगळ्यात जास्त शेअर झालेली पोस्ट हीच, हे आता सांगायला लाज वाटतेय. किती जणांनी नुसता स्क्रू पिळला असेल देव जाणे. आता असं करतो:

"चेन स्पोकमध्ये पडतेय? सायकल अलीकडे उजव्या बाजूला आपटली असेल तर स्क्रूला हात लावू नका, आधी मागून हँगर सरळ आहे का ते बघा."

स्क्रू दुसऱ्या परिच्छेदात, पाव फेऱ्यासकट.

खटपट्या: 'हात लावू नका' हाही वाचकाला अडकवणारा हुकच आहे, बरं का.

अर्धविराम: असेल. पण खरा आहे.

नटबोल्ट: हँगरचा फोटो टाक. मागून काढलेला, बाजूने नाही.