घर नेमकं किती जुनं?

दादा: घराच्या दुरुस्तीचं काम पुढच्या महिन्यात काढतोय. त्याआधी घर कोणत्या शैलीचं, किती जुनं, हे एकदा बघून घेऊ या. पुढच्या बाजूचे, माजघराचे आणि माळ्यावरचे फोटो टाकलेत.

काका: त्यात बघायचं काय? कौलावर स्पष्ट १८६५ आहे. चौथा फोटो मोठा करून पाहा. दीडशे वर्षं केव्हाच उलटली.

ताई: काका, ते कारखान्याचं साल आहे. बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि तेच साल साच्यातून कौलांवर उमटायचं. म्हणजे कौल त्यानंतरचं, एवढंच कळतं. आणि छप्पर शाकारताना कौलं बदलतातच की. घर त्याहून जुनं असू शकेल किंवा बरंच नवंही.

आत्या: अगं पण पुढची बाजू? लहानपणापासून ऐकत आलेय, आपलं घर फार जुन्या घडणीचं म्हणून.

ताई: आत्या, दुसरा फोटो नीट बघ. सज्जाचा कोपरा गोल वळवलाय, त्यावर तीन आडव्या पट्ट्या, जिन्याच्या खिडकीला पायऱ्यापायऱ्यांची महिरप. हे सगळं आर्ट डेको. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनानंतर ही शैली जगभर पसरली. तेव्हा ही पुढची बाजू त्याआधीची नाही. त्यानंतर किती वर्षांनी बांधली ते मात्र शैलीवरून सांगता येत नाही. गवंड्याच्या हातात एखादी घडण बसली की पुढची वीस-तीस वर्षं तो तीच करत राहतो. मला शैलीचा उपयोग इतकाच वाटतो: बांधकाम कधीच्या आधीचं नाही ते कळतं, नंतर कधीचं ते नाही.

काका: मग माजघरही त्याच वेळचं?

ताई: तिथेच खरी गंमत आहे. दादा, पडवी आणि माजघर जिथे जुळतात तिथला गिलावा निघालाय ना? जवळून एक फोटो टाक.

दादा: टाकला. वरपासून खालपर्यंत सरळ फट दिसतेय.

ताई: बघा, दोन्ही भिंतींच्या विटा एकमेकींत गुंतवलेल्याच नाहीत. एकदम बांधलं असतं तर सांधा मोडून विटा बसवल्या असत्या. आता फटीच्या दोन्ही बाजूंचा मसाला खिळ्याने खरवडून बघ.

दादा: पुढच्या बाजूचा करडा, खिळा लागतच नाही. मागचा पांढरट, भुगा होऊन पडतोय.

ताई: पुढे सिमेंट, मागे चुना. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण साध्या घरांपर्यंत ते पोचायला बराच काळ गेला. एकूण पुढचा भाग नंतर जोडलेला, हे मी खात्रीने म्हणेन.

वहिनी: मी माळ्यावर आहे. वाशातला एक खिळा सैल होता, तो हातात आलाय. दांडा चौकोनी, चारही अंगांनी टोकाकडे निमुळता. डोक्यावर हातोडीचे चार-पाच चपटे घाव दिसतायत, एक कडा जाड, दुसरी पातळ.

ताई: वा वहिनी! हा लोहाराने घडवलेला. यंत्राने पत्र्यातून कापलेला खिळा दोनच बाजूंनी निमुळता होतो, आणि आजचा गोल तारेचा खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सगळीकडे झाला. लोहारी खिळे त्यानंतरही वापरात होते, म्हणून एकट्या खिळ्यावर भिस्त नको. तुळईवर करवतीच्या खुणा आहेत का?

वहिनी: आहेत. सरळ, तिरप्या, अंतर कमी-जास्त. गोलाकार कुठेच नाहीत.

ताई: म्हणजे हातकरवतीने चिरलेलं लाकूड. गोल करवतीने चंद्रकोरीसारखे वळसे उठतात. चुना, खिळा, लाकूड, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत. मागचं घर पुढच्या भागापेक्षा चांगलंच जुनं.

आत्या: आणि खिडक्यांच्या काचा? त्यातून बाहेरचं झाड थोडं हलल्यासारखं दिसतं, ते मला फार आवडतं.

ताई: त्या मुळीच बदलू नका. १९५९ मध्ये फ्लोट काच, म्हणजे आजची एकसारखी सपाट काच, जाहीर झाली, तिच्यात अशा लाटा नसतात. तुझ्या काचा जुन्या पद्धतीच्या आहेत, फुटल्या तर तशा सहजासहजी मिळायच्या नाहीत.

काका: बरं, मग मी लोकांना साल कोणतं सांगू?

ताई: एक साल सांगूच नका काका. मागचं माजघर वेगळं, पुढचा भाग वेगळा, मोरी तर त्याहून अलीकडची. नेमकं साल कागदांतूनच निघेल: जुनं खरेदीखत, करआकारणीचे उतारे, नकाशे. ज्या वर्षी कर एकदम वाढला, त्याच्या आसपास बहुधा नवं बांधकाम झालेलं असतं.

दादा: मिस्त्री चौकटींचा रंग घासून काढणार म्हणतोय.

ताई: त्याला थांबव. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासलं की धूळ श्वासात जाते. शिवाय ते थर हाही पुरावाच आहे. एका कोपऱ्यातला हातभर तुकडा तसाच ठेवायला सांग. आणि निघालेले खिळे, बिजागऱ्या, कड्या भंगारात टाकू देऊ नकोस. कुठून काढलं ते लिहून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेव.

वहिनी: ते माझ्याकडे. माळ्यापासून सुरू करते.

आत्या: खरेदीखत माझ्या कपाटात आहे, मोडी लिपीत आहे पण. उद्या दुपारी उजेडात प्रत्येक पानाचा फोटो टाकते.

ताई: मागची पानंसुद्धा काढ आत्या, शेरे आणि शिक्के तिथेच असतात.