कात्री नेहमी मालकाचीच नसते

'संपादक राजकीय बातमीदाराची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, कापतो ती मालकाच्या इशाऱ्यावरूनच,' हे या चर्चेत कुणीतरी मांडलेलं म्हणणं मला निम्मंच पटलं. निवडणुकीच्या हंगामात जाहिरात विभागातून फोन आला की बातमी आतल्या पानावर सरकते, ते नाकारत नाही. पण इंदूरच्या एका हिंदी दैनिकात मी राजकारण बघायचो तेव्हा आमच्या संपादकांची लाल पेन्सिल बहुतेक वेळा 'सूत्रांनुसार'वरच पडायची. समासात तीनच शब्द: 'कोण? मला सांगा.' नाव छापायचं नसे, पण त्यांच्या कानावर घालावंच लागे. मग भोपाळहून मंत्र्यांच्या माणसाचा फोन आला तर तो संपादक स्वतःच घ्यायचे. मला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळायचं, तेही सहज बोलता बोलता.

आणि चर्चेत इंदूरचा विषय निघूनही तिथला 'नई दुनिया' हा हिंदी पेपर कुणालाच कसा आठवला नाही? त्याचे संपादक राहुल बारपुते तर आपल्यातलेच, मराठी माणूस. त्यांच्याच संपादकपदाच्या काळात राजेंद्र माथुर 1955 पासून तिथे लिहू लागले, तेही परराष्ट्र राजकारणावर. कॉलेजात इंग्रजी शिकवत शिकवत हे चालू होतं (आज कुठला पेपर अर्धवेळ प्राध्यापकाला एवढी जागा देईल?). 1970 मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ आले. आणीबाणीत अग्रलेखाची जागा कोरी सोडणाऱ्या पेपरांत 'नई दुनिया' होता. पत्रकार प्रभाष जोशींची सुरुवातही तिथलीच. पुढे माथुर 'नवभारत टाइम्स' या हिंदी दैनिकाचे संपादक झाले, जोशी 'जनसत्ता'चे.