दशेच्या तारखांतील फरक आणि अयनांश

एकाच व्यक्तीच्या दोन पत्रिकांत विंशोत्तरी दशेच्या (जन्मवेळच्या चंद्रनक्षत्रावरून आयुष्याचे ग्रहांत वाटलेले कालखंड, म्हणजे महादशा) तारखा जुळत नाहीत, याचे कारण म्हणून केवळ जन्मवेळेची चूक सांगितली जाते. मला अयनांशाचे, म्हणजे सायन आणि निरयन राशिचक्रांच्या आरंभबिंदूंतील अंतराचे, कारण अधिक मोठे वाटते. चित्रा ताऱ्यावरून राशिचक्राचा आरंभ ठरवणाऱ्या चित्रापक्षापेक्षा टिळक पंचांगाचा रैवतपक्षीय (रेवती ताऱ्यावरून आरंभ ठरवणारा) अयनांश सुमारे चार अंशांनी कमी असल्याने चंद्राचा निरयन भोग (राशिचक्रातील अंशात्मक स्थान) तेवढा वाढतो, आणि नक्षत्र १३ अंश २० कलांचे असून त्याचा जेवढा भाग उरला असेल त्या प्रमाणात जन्मवेळी महादशा उरत असल्यामुळे, चंद्र भरणी या शुक्राच्या नक्षत्राच्या आरंभी असेल तर शुक्राच्या २० वर्षांच्या महादशेची समाप्ती जवळजवळ सहा वर्षे अलीकडे येते. चंद्र नक्षत्राच्या अखेरीस असेल तर महादशेचा स्वामीच बदलतो! जन्मवेळ तासाभराने चुकली, तर शुक्रदशेत साधारण दहा महिन्यांचाच फरक पडतो. वर्ष ३६० दिवसांचे धरणाऱ्यांच्या गणितात ६० वर्षांत आणखी ३१५ दिवसांचे अंतर पडते, ते वेगळेच.