कॉक्स बाजार: आधी दवाखाना की आधी सुरक्षितता?

सुजाता_के (धागाकर्ती)

परवा बांगलादेशातल्या कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या निर्वासितांच्या चर्चेत रोखठोक यांनी ठणकावून सांगितलं: "रोहिंग्या छावण्यांत बायकांसाठी गटचर्चा, शांतिखाने (फक्त बायकांसाठीच्या सुरक्षित जागा), जागृती हे देणगीदारांच्या पैशांवरचे चोचले आहेत. ते बंद करा, दवाखाने काढा, आणि तेही आधी स्थानिकांसाठी." तिथे उत्तर लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

बलात्कारानंतर काय द्यायचं ते ठरलेलं आहे. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस. गर्भ राहू नये म्हणून लेव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम एकदाच, जितकं लवकर तितकं बरं. पाचव्या दिवसापर्यंत देता येतं, पण उशीर झाला असेल तर युलिप्रिस्टल किंवा तांबी जास्त भरवशाची. शिवाय हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, लैंगिक संसर्गांवर अँटिबायोटिक. हे सगळं एका पेटीत मावतं, ऑपरेशन थिएटर लागत नाही. बाई वेळेत पेटीपर्यंत पोचली पाहिजे, एवढंच. तिथेच घोडं अडतं. गोष्ट आधी छावणीतल्या ब्लॉकच्या 'माझी'च्या, म्हणजे मुखियाच्या, कानावर जाते. माझी बहुधा पुरुष, तो शालिश (पंचांची बैठक) बसवतो आणि तडजोडीत दोन दिवस जातात. पुढे मोठ्या रुग्णालयात न्यायचं तर कॅम्प-इन-चार्जची (छावणीच्या सरकारी अधिकाऱ्याची) परवानगी आणि वाटेत चेकपोस्ट. शांतिखान्यात शिवणकामाच्या निमित्ताने आलेली बाई माझीला वळसा घालून दवाखान्यात जाऊ शकते. याला चोचले म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

रोखठोक

पेटीत मावतं म्हणे! पेटीची किल्ली कोणाकडे असते? अंधार पडायच्या आत बहुतेक संस्थांच्या गाड्या छावणीबाहेर पडतात. रात्री उघडी असलेली केंद्रं मोजकीच, शांतिखाने तर अंधार पडायच्या आतच बंद होतात. अत्याचार काय कार्यालयीन वेळेत होतात?

आणि स्थानिकांचं काय? २०११ च्या जनगणनेत उखिया आणि टेकनाफ या छावण्यांच्या दोन तालुक्यांत मिळून पावणेपाच लाखांच्या आतबाहेर माणसं. २०१७ च्या ऑगस्टपासून म्यानमारमधून सात लाखांवर लोक आले, आधीचे धरून दहा लाखांच्या घरात. यजमानच अल्पसंख्य झाले. मजुरी पडली, भाडी चढली. बाळंतपण अडलं तर उखियाच्या बाईलाही कित्येकदा तीसेक किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, मदतीच्या ट्रकांच्या मागे रांगत. तिच्यासाठी कुणी धागा काढत नाही.

परिचारिका_९

किल्लीचा मुद्दा बरोबर, निष्कर्ष चूक. पेटी रात्रपाळीच्या बाळंतपणाच्या खोलीत ठेवायची, कारण रात्री तीच जागी असते. औषधांच्या कोठारात ठेवली की कोठारवाला घरी, पेटी कुलपात. आणि खोलीवर 'अत्याचारपीडितांसाठी' अशी पाटी लावायची नाही. मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू झालं, ते रुग्णालयाच्या आतच. बाई केसपेपर घेऊन येते, ती कुठल्या खोलीत गेली ते सासरच्यांना कळत नाही.

बाळंतपणाचं म्हणाल तर थिएटर दूर असलं तरी रक्तस्राव जागेवर रोखायला हवा. ऑक्सिटोसिन १० युनिट, मूल बाहेर आल्यावर मिनिटाभरात, स्नायूत. पण ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. जनरेटर बंद पडला, फ्रिज गरम झाला की इंजेक्शन दिसायला तसंच राहतं आणि गुण येत नाही. तिथे मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने, फ्रिजची गरज नाही. मात्र दमटपणाने तीही बाद होते, म्हणून पाकीट आधी फोडून गोळ्या डबीत भरून ठेवायच्या नाहीत. कोकणात पावसाळा काढलेल्यांना हे सांगायला नको.

हिरवा_कंदील

सगळे औषधांत अडकलेत. खरी हिंसा चुलीपाशी सुरू होते. २०१८ पर्यंत सरपणासाठी बायका-पोरं टेकनाफच्या जंगलात जात. वाटेत छेडछाड, मारहाण, वर कुतुपालोंगची मोठी छावणी हत्तींच्या वाटेवर. मग संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी गॅस दिला, छावणीला आणि आसपासच्या गावांनाही. एका सिलिंडरने जे साधलं ते शंभर गटचर्चांनी नाही.

रोखठोक

चला, आता स्वयंपाकघर! विषय प्रजनन आरोग्याचा आहे.

सुजाता_के

विषय तोच आहे. पण हिरवा_कंदील, तुमचं चित्र अर्धं आहे. गॅस १२ किलोचा, लोखंड धरून पंचवीसेक किलो. आपल्या घरचा १४.२ किलोचा भरलेला सिलिंडर दुसऱ्या मजल्यावर चढवून बघा. तिथे मातीच्या पायऱ्या, पावसाळ्यात घसरण. घरात पुरुष नसलेली बाई वाटप केंद्रावरून तो कसा नेणार? हमाल लावायचा. पैसे नसले की तो दुसरं काही मागतो. म्हणून विधवा, गरोदर आणि म्हाताऱ्या बायकांसाठी संस्थेने नेमलेले, ओळखपत्र असलेले हमाल लागतात. याला हिंसाप्रतिबंध म्हणतात, आणि हे कळतं गटचर्चेतच.

हिरवा_कंदील

हमाल ठीक, मान्य. पण रिफिल घराच्या माणसांवर ठरतं. पाहुणे आले, दोनदा भात शिजला की शेवटचे दिवस पुन्हा सरपण. ते दिवस कोण मोजतं?

कायदेकानू

आग विसरलात? २२ मार्च २०२१, बालुखाली छावणी. बांबू आणि ताडपत्री, ४५ हजारांच्या आसपास बेघर. काटेरी तारांच्या कुंपणामुळे लोकांना पळता येईना. त्याच कुंपणामुळे रात्री कळा येणारी बाईही अडते. बांगलादेशाने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. आपण तरी कुठे केली आहे?

रोखठोक

आला भारत! आता जम्मू, दिल्ली, हैदराबादच्या रोहिंग्या वस्त्यांचाही विषय काढा. ढोंगीपणाची हद्द आहे. स्थानिक बाईबद्दल मी विचारलं त्याचं उत्तर कुणाकडेच नाही.

परिचारिका_९

आवाज खाली ठेवा, उत्तर देते. युगांडात धोरणच आहे: निर्वासितांसाठीच्या मदतीतला ३० टक्के भाग यजमानांसाठी. तिथल्या युम्बे जिल्ह्यातल्या बिदी बिदी या निर्वासित वसाहतीत निर्वासित आणि स्थानिक दोघींना एकच आरोग्य केंद्र, एकच रांग. त्यातही खोट आहे. औषधं जुन्या लोकसंख्येच्या हिशेबाने आली तर महिना संपायच्या आत कपाट रिकामं आणि दोघीही परत. म्हणून मागणी रांगेतली डोकी मोजून करायची. तुमच्या 'आधी स्थानिक'ने फक्त रांगा दोन होतील, गोळ्या वाढणार नाहीत.

कुटुंबनियोजनाचंही सांगते. म्यानमारने मौंगडॉ आणि बुथिडाँगमध्ये २००५ पासून रोहिंग्यांवर दोन मुलांची अट लादली होती. तिथून आलेल्या बाईला 'मुलं किती?' असं पहिल्याच भेटीत विचारलं की ती उठून जाते. तीन महिन्यांचं इंजेक्शन चालतं, कारण ते घरात दिसत नाही. कार्डही दवाखान्यातच ठेवायचं, ओढणीच्या गाठीत सापडलं तर मार तिलाच. पुढची तारीख तिला तोंडी सांगायची, वाराच्या हिशेबाने.

कायदेकानू

पाळी नियमनाचं (पाळी चुकल्यावर लवकर गर्भाशय रिकामं करण्याचं) कुणी बोललंच नाही. बांगलादेशात गर्भपात फक्त बाईचा जीव वाचवायला, पण पाळी नियमन १९७९ पासून सरकारी कार्यक्रमात: प्रशिक्षित आरोग्यसेविका १० आठवड्यांपर्यंत, डॉक्टर १२. ऑगस्ट २०१७ मध्ये अत्याचार सोसून डिसेंबरात दवाखान्यात पोचलेल्या बाईची मुदत टळलेली होती. रोखठोक, तिला पहिल्या आठवड्यात ही सोय सांगणारी बाई म्हणजेच तुमचे चोचले.

रोखठोक

बरं बाबा, सांगणाऱ्या बायका ठेवा. शिवणयंत्रंही ठेवा, मी रडणार नाही. पण २०२५ मध्ये अमेरिकेने हात आखडल्यावर आधी काय कापायचं ते सांगा. रात्रपाळीची सुईण की दुपारचा शांतिखाना? दोन्ही हवं असं म्हणू नका, हिशेब मांडा.

सुजाता_के

फलक, टोप्या, शहरातल्या हॉटेलांतल्या कार्यशाळा आधी. मग शांतिखान्यांच्या जागा कमी करा, तिथे काम करणाऱ्या बायका दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात बसवा. रात्रपाळीच्या सुईणीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही.

रोखठोक

टोप्यांवर एकमत. लिहून ठेवा, परत होणार नाही.

हिरवा_कंदील

आणि हमालांचा पगार कुठल्या खात्यातून?