बार्बेरीशिवाय काळ्या तांबेऱ्यात संकर कसा होतो?

प्रश्न: रब्बीचा_विद्यार्थी
गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याच्या बुरशीचा लैंगिक संयोग बार्बेरीच्या झुडपावर होतो, परंतु भारतात रोगाच्या प्रसारासाठी हा टप्पा लागत नाही, असे आम्हाला शिकवले जाते. वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवल्याप्रमाणे उन्हाळ्यात मैदानातला रोग संपतो, तो डोंगराळ भागातील गव्हावर तगून राहतो आणि हंगामात बीजाणू वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतात. अलैंगिक बीजाणूंवरच पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या बुरशीत नवे वंश केवळ उत्परिवर्तनाने यायला हवेत. मात्र युगांडातून पसरलेला यूजी९९ हा वंश संकरातून जन्मला असे वाचनात आले. लैंगिक संयोगाची खूणच नसेल, तर त्याला संकर कसे म्हणायचे?

उत्तर: बीजाणू
गव्हाच्या खोडावरचा फोड फुटला की बोटाला लागणारी ती विटकरी भुकटी म्हणजे युरेडोबीजाणू, आणि त्यातील प्रत्येक बीजाणूत दोन स्वतंत्र केंद्रके असतात. ती एकमेकांत मिसळत नाहीत. पेशी विभागताना दोन्ही शेजारी शेजारी विभागतात आणि पुढच्या पिढीत जोडीनेच जातात. एकाच पानावर दोन वंशांची लागण झाली आणि त्यांचे कवकतंतू एकमेकांना चिकटून जुळले, तर या जोड्या फुटून केंद्रकांची अदलाबदल होऊ शकते. दोन वंश एकत्र टोचून नवा वंश मिळाल्याचे प्रयोग विसाव्या शतकातच झाले होते, पण शेतात असे घडते याचा भक्कम पुरावा तेव्हा हाती नव्हता.

तो पुरावा २०१९ साली आला. यूजी९९ आणि ऑस्ट्रेलियात १९५४ पासून ठाऊक असलेल्या एका जुन्या कुळातील नमुना, या दोहोंच्या जनुकसंचाची जुळणी करताना संशोधकांनी प्रत्येक केंद्रकातील १८ गुणसूत्रे वेगवेगळी मांडली. तेव्हा असे आढळले की दोघांतील एक केंद्रक जवळजवळ तंतोतंत सारखे आहे आणि दुसरे पूर्णपणे निराळे. लैंगिक संयोग झाला असता, तर अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन दोन्ही संच मिसळले असते. येथे तसे काहीच नाही. आख्खे केंद्रक जसेच्या तसे नव्या जोडीत आले आहे. म्हणून ‘कायिक संकर’ हा शब्द मला येथे अगदी योग्य वाटतो.

या अदलाबदलीचे महत्त्व रोगकारकतेत आहे. गव्हाचा प्रतिकारक जनुक बुरशीच्या एखाद्या प्रथिनाला ओळखतो आणि ते प्रथिन बनवणारी एक प्रत जरी एका केंद्रकात शाबूत असली, तरी बुरशी बहुधा पकडली जाते. उत्परिवर्तनाने दोन्ही प्रती निकामी होण्यास वेळ लागतो, पण ज्यांतील प्रत आधीच निकामी आहे अशी दोन केंद्रके एकत्र आली, तर ते काम एका पायरीत होते. एसआर३५ या प्रतिकारक जनुकाकडून ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनाचा जनुक तर काही वंशांत एका फिरत्या डीएनए-तुकड्याने मध्येच घुसून बंद पाडला आहे.

अर्थात उत्परिवर्तनही थांबत नाही. यूजी९९ने एसआर३१ला दाद दिली नाहीच, शिवाय केनियात २००६ साली त्याच कुळातील एसआर२४वर मात करणारा वंश सापडला आणि पुढच्याच वर्षी एसआर३६वर मात करणारा. कूळ एकदा संकरातून घडले, त्यानंतरचे फेरफार उत्परिवर्तनाचे, असा हा क्रम दिसतो.

उत्तर: भुरीपासून_सावध
वरील उत्तराशी सहमत आहे, पण बुरशीतील संकर एवढ्याच वाटेने होतो असा समज होऊ नये. गहू आणि राय (गव्हासारखे एक तृणधान्य) यांच्या संकरातून माणसाने घडवलेले ट्रिटिकेल हे पीक १९६०च्या दशकापासून व्यापारी लागवडीत आहे आणि युरोपात बराच काळ त्याला भुरीचा, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीचा, त्रास नव्हता. २००१ पासून मात्र त्यावर भुरी पडू लागली. या भुरीचा जनुकसंच २०१६ साली तपासला गेला, तेव्हा त्यात साधारण १२.५ टक्के भाग रायवरील भुरीचा आणि उरलेला गव्हावरील भुरीचा निघाला. हे प्रमाण, आधी संकर आणि मग गव्हाच्या भुरीशी दोनदा पुनर्संकर, या हिशेबाशी जुळते. येथे लैंगिक संयोग झालेला आहे, त्यामुळे जनुकसंच खरोखर तुकड्यातुकड्यांनी विणला गेला आहे. यजमान पीक संकरित, त्यावर बसणारी बुरशीही त्याच दोन घराण्यांची संकरित, हे पाहून पीक पैदासकारांनी कपाळाला हात लावला असेल.

प्रतिप्रश्न: रब्बीचा_विद्यार्थी
खुलासा पटला. मग वंश ओळखण्यासाठी ठरावीक गहू वाणांच्या संचावर नमुने टोचून पाहण्याची पद्धत पुरेशी आहे का?

उत्तर: बीजाणू
ती पद्धत सोडता येणार नाही, कारण कोणता वाण बळी पडतो हे त्यातूनच समजते. परंतु तिच्यात केंद्रके दिसत नाहीत. दोन नमुने वाणांवर सारखे वागले तरी त्यांची केंद्रके वेगळी असू शकतात, आणि वेगळे वागणाऱ्यांत एक केंद्रक समान असू शकते. म्हणून टोचणीच्या जोडीला दोन्ही केंद्रकांचा जनुकसंच वाचणे आवश्यक आहे. पानावरील तांबेऱ्यातही केंद्रकांची अशी अदलाबदल आढळली आहे, आणि महाराष्ट्रातील गव्हावर हे दोन्ही तांबेरे येतात.