बोअरचं जड पाणी, घरात पाच माणसं: सोलर ट्यूबचा घ्यावा की प्लेटचा?

बार्शीची_सून
नमस्कार. बार्शीत आमचं खाली-वर असं दुमजली घर आहे. घरात पाच माणसं, सासरे पहाटे पाचला आंघोळ करतात. वापरायला बोअरचं पाणी. नळांवर पांढरा थर येतो, गिझरची कॉइल सारखी जाते. पाणी तापवायचा 200 लिटरचा सोलर घ्यायचं ठरतंय. एक दुकानदार काचेच्या ट्यूबचा घ्या म्हणतो, दुसरा तांब्याच्या प्लेटचा, तो जास्त टिकतो म्हणे. वरच्या बाथरूमला दाब कमी येतो म्हणून प्रेशर पंप बसवलेला आहे, तो सोलरला चालेल का? सूर्यघरची सबसिडी यावर मिळते का? आणि पावसाळ्यात काय करायचं?

फिटर_कराड
ताई, सूर्यघर योजना वीज तयार करणाऱ्या पॅनेलची आहे. पाणी तापवायच्या सोलरला त्यातून काही मिळत नाही. त्या नावाखाली कोणी फॉर्मचे पैसे मागितले तर देऊ नका.

तुमच्या पाण्याला साधी प्लेट नको. प्लेटच्या आत तांब्याच्या अर्धा इंची नळ्या असतात. त्यांत क्षार बसला की पाणी फिरायचं मंदावतं, बाहेरून काही दिसत नाही आणि लोक समजतात सोलर जुना झाला. ट्यूब 58 मिलिमीटरची असते, क्षार तळाशी बसतो, वर्षातून एकदा काढून धुता येतो. धरणाचं गोडं पाणी असेल तिथे मी आजही प्लेटच सुचवतो. टाकी ग्लास लाइन्ड, म्हणजे आतून काचेसारखा थर दिलेली घ्या. बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर स्टीलच्या टाकीला वेल्डिंगपाशी बारीक भोकं पडतात. आत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो, टाकीऐवजी तो झिजतो. तो संपायच्या आत बदलावा लागतो, हे विकताना क्वचितच कोणी सांगतं.

साध्या ट्यूबच्या टाकीला प्रेशर पंप जोडायचा नाही. ट्यूब नुसत्या रबरी सीलवर बसलेल्या असतात, गळती लागते. फक्त थंडाला पंप ठेवलात तर मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनीत घुसतं. जमत असेल तर थंड पाण्याची टाकी उंच करा आणि पंप काढून टाका. नाहीतर प्रेशरला चालणारं मॉडेल घ्यावं लागेल, ते महाग पडतं. टाकीचा तळ सोलरच्या माथ्यापेक्षा निदान फूटभर वर हवा, आणि एअर व्हेंटचा (हवा आणि वाफ बाहेर सोडणारा) पाइप त्या टाकीच्याही वर न्यायचा.

आता पाइप, कारण माणसं कंपनी निवडण्यात महिना घालवतात आणि पाइप गवंड्यावर सोडतात. पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. लाइन वीस मीटर असेल तर पाच लिटर गार पाणी आधी मोरीत जातं, मग गरम येतं. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याचे काय हाल असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथे असं पाणी वाहताना मला बघवत नाही. सोलर बाथरूमच्या डोक्यावर येईल असा बसवा, तोंड दक्षिणेला. डिसेंबरात शेजारच्या भिंतीची सावली पडत नाही ना, ते पाहून घ्या. गरम लाइन सीपीव्हीसीची आणि वरून इन्सुलेशन, साधा पीव्हीसी गरम पाण्याने वाकतो.

पहाटे पाचला पाणी गरम मिळेल, टाकीला चांगलं पफ (उष्णता धरून ठेवणारा फोमचा थर) असेल तर रात्रीत थोडंच उतरतं. पण रात्री भांडी आणि आंघोळी त्याच पाण्यात झाल्या, तर जितकं काढाल तितकं थंड पाणी आत येतं. सासऱ्यांसाठी रात्रीचा वापर आवरा.

कोथरूडकर
पावसाळ्याबद्दल माझं मत: सोलरच्या टाकीत हीटर बसवू नका. 200 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला 7 युनिट लागतात, आणि एकाची आंघोळ असली तरी तापते सगळी टाकी. त्यापेक्षा बाथरूममध्ये लहान गिझर ठेवून सोलरची लाइन त्यात सोडा, उन्हाळ्यात गिझर टाळून पाणी थेट नळाला जावं म्हणून बायपास व्हॉल्व्ह ठेवा. पुण्यात सोलर असलेल्या घरांना मालमत्ता करात सवलत आहे. तुमच्या नगरपरिषदेत विचारून बघा.

बार्शीची_सून
दोघांचेही मनापासून आभार. टाकी उंच करायला जिन्याच्या खोलीवर जागा आहे, पंप काढू. एकच शंका: उन्हाळ्यात बोअर कमी चालतो, वरची टाकी एखाद्या दुपारी रिकामी होते. ट्यूबला धोका आहे का?

फिटर_कराड
आहे, बहुतेक ट्यूब अशाच फुटतात. रिकामी ट्यूब उन्हात 200 अंशांच्या वर जाते, त्यात गार पाणी पडलं की काच तडकते. टाकी पूर्ण संपली तर सोलरकडे जाणारा व्हॉल्व्ह लगेच बंद करा. पाणी आलं तरी सूर्य मावळून ट्यूब निवल्यावर, नाहीतर पहाटे उजाडायच्या आत उघडा. सासऱ्यांना आणि मुलांना हे सांगून ठेवा, व्हॉल्व्हवर रंगाने खूण करा. ट्यूबच्या खालच्या टोकाला चंदेरी रंग असतो, तोही अधूनमधून बघत जा. तो पांढरा पडला म्हणजे त्या ट्यूबच्या दोन काचांमधलं व्हॅक्यूम (निर्वात पोकळी) गेलं. तेवढी एकच बदलायची, पूर्ण सेट घ्यायची गरज नाही.